अ‍ॅडहिजन: चिकटलं, पण कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते दिसेल. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर 'डेन्स अ‍ॅडहिजन्स' असं लिहिलेलं तुम्ही वाचलंत. मुलीच्या विज्ञानाच्या वहीत त्याच शब्दासमोर 'आसंजन' असं उतरवून घेतलेलं दिसलं. शब्दकोश उघडलात तर तिथे चिकटणे, संलग्नता, निष्ठा, संमती अशी रांगच. तेव्हा हा शब्द एकच आहे की एका स्पेलिंगमागे लपलेले चार वेगळे शब्द आहेत, त्याचा मूळ अर्थ कुठला, आणि मराठीत म्हणायचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी गेली बावीस वर्षं वैद्यकीय, तांत्रिक आणि कायद्याचे मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते. हा शब्द या तिन्ही ठिकाणी भेटतो आणि प्रत्येक वेळी वेगळे कपडे घालून येतो. शब्द एकच आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र त्याला मराठीत एकच प्रतिशब्द शोधायला गेलात की फसायला होतं. मी स्वतः दोनदा सपशेल फसले आहे. ते पुढे येईलच.

मुळापासून सुरुवात करू, कारण इथे मूळ खरोखर उपयोगी पडतं. (प्रत्येक शब्दाच्या बाबतीत पडतंच असं नाही. व्युत्पत्ती सांगून अर्थ सिद्ध करणारे लोक मला जरा धास्तीच घालतात.) लॅटिनमध्ये 'हाएरेरे' असं क्रियापद आहे: चिकटून राहणे, रुतून बसणे, अडकणे. त्याला 'आद' हा उपसर्ग लागला. 'आद' म्हणजे 'कडे', 'ला'. दोन्ही मिळून 'आदहाएरेरे', म्हणजे एखाद्या गोष्टीला चिकटणे. त्याचं नाम 'आदहाएसिओ'. तिथून फ्रेंच 'आदेझियाँ' आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी 'अ‍ॅडहिजन'. 'अ‍ॅडहिअर' हे क्रियापद इंग्रजीत त्याच्या थोडं आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीला आलं.

क्रियापदात 'र' आणि नामात 'स'चा वंशज, हे कसं, असा प्रश्न चौकस माणसाला पडतो. मूळ धातूत 'स'च होता. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'स' पुढे 'र' झाला, म्हणून क्रियापद 'हाएरेरे' झालं. नामाच्या रूपात तो तसा एकटा सापडला नाही, म्हणून तिथे टिकला.

आता भावंडं बघा. 'को' म्हणजे एकत्र. त्यावरून कोहिजन, आपापसात चिकटून राहणं. 'इन' म्हणजे आत. त्यावरून इन्हेरन्ट, आतच रुतलेलं, अंगभूत. आणि सगळ्यांत गमतीचं भावंड म्हणजे हेझिटेट. पुन्हा पुन्हा अडकणं, जीभ टाळ्याला चिकटणं, म्हणून कचरणं. आपल्याकडे मात्र 'चिकट'पासून 'चिकाटी' झाली. एकाच चिकटण्यातून तिकडे माणूस अडखळला आणि इकडे नेटाने टिकला.

मुलीच्या वहीतला 'आसंजन' हा शब्दही तितकाच नेमका आहे. संस्कृतात 'सञ्ज्' धातू आहे, अर्थ तोच: चिकटणे, लगडणे. त्याला 'आ' लागून आसंजन, 'सं' लागून संसंजन. म्हणजे 'आद'च्या जागी 'आ', 'को'च्या जागी 'सं' आणि 'हाएरेरे'च्या जागी 'सञ्ज्'. तुकड्याला तुकडा जोडून केलेली ही भाषांतरं आहेत. शब्द घडवणाऱ्याने लॅटिन उकलून बघितलेलं असणार, असं मला नेहमी वाटतं. याच धातूपासून संग, प्रसंग, अनुषंग, आनुषंगिक आले, आणि आसक्तीही आली. आसंजन हा शब्द मुलांना रुक्ष वाटतो, पण ती आसक्तीची सख्खी बहीण आहे, हे सांगितलं की तो डोक्यात बसतो. (जाता जाता: 'संग' या कुटुंबातला असला तरी 'संगम' नाही. तो 'गम्'पासून, एकत्र जाण्यावरून आलेला आहे.)

इतकं मूळ सांगायचं कारण तो 'आद'. मराठीत तो उपसर्ग नसून चक्क विभक्ती आहे: 'ला'. अ‍ॅडहिजन हा शब्द दिसला की मी पहिला प्रश्न विचारते, 'कशाला?' काय कशाला चिकटलंय? रंग भिंतीला, पाणी काचेला, आतडं पोटाच्या भिंतीला, माणूस पक्षाला, देश तहाला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या मधे एक 'ला' आहे. कोहिजनला हा 'ला' लागत नाही. तिथे 'आपापसात' लागतं. पाण्याचे कण आपापसात, वाळूचे कण आपापसात. ही खूण बहुतेक ठिकाणी पुरते. कुठे पुरत नाही तेही पुढे सांगते.

भौतिकशास्त्रात ही खूण सगळ्यांत स्वच्छ चालते. स्वच्छ काचेच्या अरुंद नळीत पाणी घ्या आणि डोळा पाण्याच्या पातळीवर आणून बघा. कडेला पाणी काचेवर किंचित चढलेलं दिसेल, मधे खोलगट. कारण पाण्याच्या कणांना एकमेकांपेक्षा काचेची ओढ जास्त आहे. त्याच नळीत पारा असेल तर उलटं: मधे फुगवटा, कडेला खाली. पाऱ्याला काचेचं सोयरसुतक नाही, तो स्वतःलाच धरून बसतो. द्रवाच्या पृष्ठभागाचा घन पृष्ठभागाशी होणारा कोन मोजला की ही ओढाताण आकड्यात सांगता येते. अगदी स्वच्छ काचेवर पाण्याचा कोन शून्याच्या जवळ, पाऱ्याचा सुमारे 140 अंश. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने या कोनाचा विचार 1805 साली मांडला, आणि त्याच्या निबंधाच्या शीर्षकात शब्द होता कोहिजन. दोन्ही शब्द तेव्हापासून जोडीनेच नांदतायत.

मराठीत यासाठी उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. 'अळवावरचं पाणी' आपण कशाला म्हणतो? जे ठरत नाही, टिकत नाही, त्याला. अळवाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर असतो. पाणी त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतं, खाली हवा राहते. पानाला धरायला जागाच मिळत नाही, म्हणून थेंब आपापसात गोळा होऊन मोत्यासारखा घरंगळतो. संसंजन आहे, आसंजन जवळजवळ नाही. मुलीला हा वाक्प्रचार माहीत असेल तर अर्धा धडा तिला आधीच येतो.

दुसऱ्या टोकाला पाल. छतावर उलटी चालणाऱ्या पालीच्या पायाला कुठलाही डिंक नसतो. 'टोके' नावाच्या जातीच्या पालीच्या एकेका पायावर जवळजवळ पाच लाख बारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे. इतकी टोकं पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात, की रेणूंमधलं एरवी नगण्य असणारं आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तेच तिचं वजन पेलतं. 2000 साली केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी अशा एका केसाचं बल मोजलं. मला यातलं चिकटण्यापेक्षा सुटणं जास्त आवडतं: केसाचा कोन बदलला की पकड सुटते, म्हणून ती धावू शकते. चिकटूनच बसली असती तर उपाशी मेली असती.

आता कारखाना आणि कारागीर. इथे 'आसंजन' म्हणालात तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. रंगारी म्हणतो, 'रंग धरत नाही', 'रंगाने पकड घेतली नाही', आणि नंतर 'पोपडे निघाले'. गवंडी म्हणतो, 'गिलावा सुटला'. हे अ‍ॅडहिजनचे उत्तम मराठी प्रतिशब्द आहेत, फक्त ते क्रियापदात राहतात आणि कोशांना नाम हवं असतं. रंगाच्या डब्यावरच्या मजकुरात 'उत्कृष्ट आसंजन' लिहिण्यापेक्षा 'भिंतीला घट्ट धरतो' लिहिलेलं मला केव्हाही चालतं. चाचणीच्या अहवालात मात्र 'आसंजन' लागतं, कारण तिथे त्याच्यापुढे आकडा येतो. ही चाचणीही बघण्यासारखी असते: रंगाच्या थरावर धारदार पात्याने उभ्या-आडव्या रेघा ओढून जाळी करतात, वर चिकटपट्टी दाबून खस्सकन ओढतात आणि किती चौकोन निघाले ते बघून दर्जा ठरवतात.

या क्षेत्रातली एक जोडी भाषांतरकारांना हमखास चकवते: अ‍ॅडहेसिव्ह फेल्युअर आणि कोहेसिव्ह फेल्युअर. घरच्या घरी बघा. जुनी चिकटपट्टी काचेवरून ओढून काढा. कधी ती स्वच्छ निघते, काचेवर काहीच राहत नाही. म्हणजे गोंदाने काचेला सोडलं. कधी काचेवरही चिकट थर राहतो आणि पट्टीवरही. गोंदाने काच सोडली नाही, तो स्वतःच मधून फाटला. पहिल्यात 'ला' तुटला, दुसऱ्यात 'आपापसात' तुटलं. ही दोन अपयशं आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा. पहिल्यात पृष्ठभाग घासून-पुसून स्वच्छ करायचा, दुसऱ्यात गोंद बदलायचा किंवा त्याला नीट वाळू द्यायचं. मी दोन्हींना सरसकट 'जोड निकामी होणे' लिहिलेलं एक भाषांतर बघितलंय. वाचणाऱ्याला त्यातून काय करायचं हे कळणं शक्यच नव्हतं.

इथेच 'चिकटपणा' या शब्दाबद्दल सावध करते. मराठीत आपण मधालाही चिकट म्हणतो आणि डांबरालाही. पण त्यात दोन गुण मिसळलेले आहेत. एक, बोटाला लागून राहणं, हे आसंजन. दुसरा, संथ वाहणं, दाटपणा. याला इंग्रजीत व्हिस्कॉसिटी आणि शास्त्रीय मराठीत श्यानता किंवा विष्यंदिता म्हणतात. वंगणाचं तेल दाट असू शकतं आणि तरी कशाला चिकटवायच्या कामाचं नसतं. विज्ञानाच्या मजकुरात 'चिकटपणा' एकटा सोडू नका. बोलताना खुशाल वापरा.

वनस्पतिशास्त्रात तर हे दोन शब्द फुलाच्या वर्णनात शेजारी-शेजारी बसतात. धोतऱ्याचं फूल घ्या आणि उभं चिरा. पाकळ्या एकमेकींना जुळून कर्णा झालाय: सारख्या अवयवांची जुळणी, म्हणजे कोहिजन. आता कर्ण्याच्या आत बघा. पुंकेसरांचे तंतू तळापासून मोकळे उभे नाहीत, ते पाकळ्यांच्या नळीला आतून जोडलेले आहेत: वेगळ्या अवयवांची जुळणी, म्हणजे अ‍ॅडहिजन. एका फुलात दोन्ही. इथे चिकटलेलं असं काही नसतं, ते अवयव वाढतानाच जोडलेले असतात. तरी शब्द तोच राहिला, कारण 'वेगळं वेगळ्याला' हा गाभा शाबूत आहे.

रेल्वेतही हा शब्द आहे, पण तिथे तो जवळजवळ घर्षणाच्या अर्थाने वापरतात: चाकाची रुळावरची पकड. वाफेच्या इंजिनांच्या सुरुवातीला गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर पुरेसं धरेल का, हीच शंका होती. जॉन ब्लेंकिन्सॉपने 1812 साली रुळाच्या बाजूला दाते बसवून त्यात इंजिनाचं दातेरी चाक फिरवलं. हलक्या इंजिनाला नुसत्या पकडीवर ओझं ओढता येणार नाही असा त्याचा हिशेब होता. पुढच्या एक-दोन वर्षांतच विल्यम हेडलीने नुसत्या पकडीवर गाडी ओढून दाखवली. आजही रूळ ओले झाले की चाकापुढे वाळू सोडतात, ती याच पकडीसाठी. भाषांतर? 'पकड'. विचारच करू नका.

आता तुमच्या आईंचा कागद. इथे थोडं थांबते, कारण बहुधा खरा प्रश्न हाच आहे.

वैद्यकात 'अ‍ॅडहिजन्स' असं अनेकवचन दिसलं की तो गुण किंवा बल उरत नाही, ती वस्तू होते. पोटात प्रत्यक्ष तयार झालेले पट्टे, पडदे, तंतू. पोटातले अवयव एका गुळगुळीत, ओलसर आवरणात असतात, म्हणून आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा सूज यांनी त्या आवरणाला इजा झाली की तिथे फायब्रिन नावाचं प्रथिन पाझरून साचतं. जखमेवर खपली धरणारं तेच हे प्रथिन. शेजारचे दोन पृष्ठभाग त्याने तात्पुरते चिकटतात. बहुतेक वेळा काही दिवसांत शरीर ते विरघळवून टाकतं. विरघळलं नाही तर त्यात पेशी शिरतात, कोलॅजन नावाचं तंतुमय प्रथिन तयार होतं, बारीक रक्तवाहिन्याही येतात. मग चिकटलेलं न राहता ते जोडलेलं होतं. डॉक्टर 'फिल्मी' म्हणतात ते पातळ, पापुद्र्यासारखे पट्टे, आणि 'डेन्स' म्हणजे जाड, घट्ट, सहज न सुटणारे. सोडवण्याच्या क्रियेला अ‍ॅडहेसिओलिसिस म्हणतात: लॅटिन धडाला ग्रीक शेपूट, लिसिस म्हणजे सोडवणं, मोकळं करणं.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या पोटात असे थोडेफार पट्टे होतात आणि बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र दुखतं, आणि लहान आतड्याला अडथळा येण्याचं हे एक प्रमुख कारण आहे. आईंच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे ते पट्टे कुठे आहेत, कशाला कशाशी जोडतात आणि आईंना त्रास काय होतो यावर अवलंबून आहे. ते त्यांच्या सर्जनलाच विचारा. मी शब्दांची माणूस आहे. फक्त विचारताना 'काय कशाला चिकटलं होतं आणि तुम्ही ते सोडवलंत का?' असं विचारा. कागदावरच्या दोन शब्दांपेक्षा त्या उत्तरात तुम्हाला कितीतरी जास्त कळेल.

आणि इथेच माझी 'ला'ची खूण थोडी डळमळते. आतड्याचं एक वेटोळं दुसऱ्या वेटोळ्याला चिकटलं तर दोन्ही बाजूंना आतडंच आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते कोहिजन व्हायला हवं. पण सर्जन त्यालाही अ‍ॅडहिजनच म्हणतात. त्यांच्या लेखी 'जे वेगळं असायला हवं होतं ते चिकटलंय' एवढाच मुद्दा आहे. गर्भाशयाच्या आतल्या दोन भिंती एकमेकींना चिकटतात त्यालाही तसंच म्हणतात. तेव्हा वैद्यकात आणखी एक प्रश्न जोडून घ्या: हे चिकटणं हवं होतं की नको होतं? रंगाच्या कारखान्यात अ‍ॅडहिजन हे यश असतं, शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती अडचण असते.

माझं पहिलं फसणं याच ठिकाणचं. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयासाठी शस्त्रक्रियेपूर्वी द्यायच्या माहितीपत्रकाचं भाषांतर केलं होतं. मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'शस्त्रक्रियेनंतर आसंजने निर्माण होऊ शकतात.' काही महिन्यांनी तिथल्या परिचारिकेने सांगितलं, की एक आजी ते वाचून विचारत होत्या, 'हे आसंजन म्हणजे गाठ का हो? कॅन्सरची?' मी लिहिलेलं बरोबर होतं आणि कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत लिहिलं: 'आतले अवयव बरे होताना एकमेकांना चिकटू शकतात, त्यांच्यामध्ये व्रणाच्या ऊतीचे पट्टे तयार होऊ शकतात.' लांब झालं, पण आजींचा प्रश्न संपला.

त्याच वैद्यकात याच शब्दाचा चांगला अवतारही आहे. पेशी जिथल्या तिथे राहतात त्या सेल अ‍ॅडहिजनमुळेच. ते करणाऱ्या प्रथिनांच्या एका कुळाचं नाव कॅडहेरिन: कॅल्शियममधला 'कॅ' आणि पुढे आपला ओळखीचा 'अडहिअर'. रक्त गोठतानाही रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) आधी जखमेच्या जागी उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटतात, ते अ‍ॅडहिजन; मग एकमेकींना चिकटून गुठळी करतात, त्याला वेगळा शब्द आहे, अ‍ॅग्रिगेशन. बघा, इथे 'ला' आणि 'आपापसात' पुन्हा आपापल्या जागी परत आले.

'औषधोपचाराचं अडहिअरन्स' हे मात्र वेगळं. अडहिअरन्स आणि अ‍ॅडहिजन एकाच क्रियापदाची दोन नामं आहेत आणि इंग्रजीने त्यांच्यात कामं वाटून घेतली: नियम, पथ्य, वेळापत्रक यांना धरून राहणं म्हणजे अडहिअरन्स, वस्तूंचं चिकटणं म्हणजे अ‍ॅडहिजन. रुग्णाचं अडहिअरन्स चांगलं आहे, म्हणजे तो सांगितलेली औषधं वेळच्या वेळी घेतो. मराठीत 'धरून राहणे' किंवा 'पाळणे' म्हणा, चिकटण्याचा उल्लेखही नको.

फ्रेंचमध्ये ही वाटणी बरोबर उलटी झाली आहे. तिथे टायरची रस्त्यावरची पकड आणि पोटातले पट्टे यांना 'आदेराँस' म्हणतात, तर 'आदेझियाँ' म्हणजे सामील होणं, सदस्य होणं, मान्यता देणं. माझं दुसरं फसणं इथलं. एका परदेशी संस्थेचे कागद इंग्रजीत आले होते, पण लिहिणारा फ्रेंच विचार करत होता. त्यात 'अ‍ॅडहिजन फॉर्म' असं होतं. मी लिहिलं 'चिकटवायचा अर्ज'. मला वाटलं, फोटोसारखा कुठेतरी डकवायचा असेल. तो साधा सदस्यत्वाचा अर्ज होता. मजकूर परत आला तेव्हा समासात फक्त एक भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.

तुमच्या कोशातल्या 'निष्ठा' आणि 'संमती' या अर्थांची वाट इथूनच जाते. एखाद्या पक्षाला, मताला आपलं अ‍ॅडहिजन देणं असा प्रयोग जुन्या इंग्रजी लेखनात भेटतो. आज तो क्वचितच कुणी करतं. आंतरराष्ट्रीय तहांच्या भाषेत हा शब्द शिल्लक आहे. तह आधी इतरांनी केलेला असतो आणि एखादा देश मागाहून त्यात सामील होतो. तहांच्या कायद्यावरच्या 1969 च्या व्हिएन्ना करारात इंग्रजी प्रतीत त्याला अ‍ॅक्सेशन आणि फ्रेंच प्रतीत आदेझियाँ म्हटलंय. मराठीत 'सामील होणे' पुरतं. संस्थानांच्या संदर्भात 'सामीलनामा' हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच.

कायद्यातला सगळ्यांत कामाचा प्रयोग म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ऑफ अ‍ॅडहिजन. फ्रेंच कायदेपंडित रेमों सालेय याने 1901 साली ही कल्पना मांडली, आणि एडविन पॅटरसनने 1919 साली आयुर्विम्यावरच्या एका लेखातून ती अमेरिकेतल्या कायद्याच्या चर्चेत आणली. एका बाजूने सगळ्या अटी आधीच छापून ठेवलेल्या. दुसऱ्याने एक शब्दही न बदलता सही करायची किंवा निघून जायचं. विम्याचे कागद, तिकिटामागचा बारीक मजकूर, फोनवर येणारं 'मी सहमत आहे' हे बटण. याला 'आसंजन करार' म्हणणारे लोक आहेत. मला त्यात अर्थ दिसत नाही. 'साचेबंद एकतर्फी करार' म्हटलं की कुणालाही कळतं. पण मूळ शब्द का निवडला असेल ते 'ला'ने चटकन उलगडतं. दोघांनी बसून करार केला असता तर ते आपापसातलं असतं. इथे करार जागचा हलत नाही, तुम्ही जाऊन त्याला चिकटता. सालेयने नेमका तोच असमतोल एका उपसर्गात पकडला.

मी प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवते: आधी 'कशाला?' विचारायचं, मग 'हवंय की नकोय?', आणि मग वाचणारा कोण आहे ते बघायचं. परीक्षा देणाऱ्या मुलीला आसंजन, रंगाऱ्याला पकड, रुग्णाला अवयव चिकटणं, वकिलाला एकतर्फी करार. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा निकाल लावतो.

बाकी राहिला उच्चार. इंग्रजीत 'व्हिजन'च्या शेवटी जो आवाज येतो तोच इथे, म्हणून 'अ‍ॅडहिजन'. लिहिताना काही जण 'अ‍ॅढिजन' असा जोडून टाकतात. बोलताना तसं होतंच, पण मग 'आद' आणि 'हाएरेरे' यांची शिवण दिसेनाशी होते. मुलीला वहीत 'ड'च्या पुढे एक बारीक उभी रेघ मारायला सांगा, आणि 'आ'च्या पुढे दुसरी.